टाक्याचा हमीभाव

(ध्वनिमुद्रणावरून केलेलं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक शंका आमच्या कानावर आली. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्राची होते. थैलीवर भरलेल्या फुलाची समीक्षा कसली करता बाप्पा? शंका प्रेमळ होती, पण आजचं व्याख्यान तिच्यातूनच सुरू होतं. थैलीवरचं फूल पाहून आपण दोनच गोष्टी करतो. एक तर "वा, हातानं केलं का?" म्हणतो, नाहीतर "काहून एवढी महाग?" म्हणतो. पहिलं कौतुक, दुसरी घासाघीस. वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून, हे इथे जमलं आणि तिथे फसलं असं सांगणारं कोणी नसतं. कवीला आपण निदान सांगतो की बुवा, तुमचं तिसरं कडवं ढिलं पडलं. भरतकाम करणाऱ्या बाईला तेवढाही मान मिळत नाही. तो द्यायचा हा प्रयत्न आहे. काही ठिकाणी आम्ही कडक बोलू. काम मोठं आहे असं मानतो, म्हणूनच बोलू.

आधी व्याप्ती सांगतो. आम्ही जरदोसीबद्दल किंवा लग्नातल्या भारी साड्यांबद्दल बोलत नाही. विषय आहे स्वस्त, रोजच्या वस्तूंचा. मांजरपाटाची थैली, उशीची खोळ, हातरुमाल, पोळ्यांच्या डब्यातला रुमाल, टॉवेल, मोबाइलची पिशवी. अशा वस्तूंवर हातानं चार टाके घालायचे आणि तेवढ्यानं ती वस्तू वेगळी करायची, हा प्रकार. अमरावतीचं सायन्सकोर मैदान घ्या, अकोल्याचं स्वराज्य भवनाचं आवार घ्या, प्रदर्शन लागलं की हे स्टॉल असतात. त्यातही थैल्यांचा भर मोठा. त्याला एक कारण आहे. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. कापडी थैलीची मागणी वाढली. शिलाईचं काम बचत गटांकडे आलं. पण साधी थैली कोणीही शिवतो, मग आपली वेगळी कशी दिसणार? तर तिच्यावर फूल काढा. प्रशिक्षणांच्या भाषेत याला "मूल्यवर्धन" म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

वाकळ, रुखवत आणि वर्ग

स्वस्त वस्तूवर टाका घालणं आपल्याकडे नवीन नाही. सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे वाकळ, आपल्या बोलीत वाकय. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि सरळ धावदोऱ्याने शिवत जायचं. त्या धावदोऱ्याकडे समीक्षकाच्या नजरेने बघा. ते टाके काढले तर वाकळ उरतच नाही, नुसत्या चिंध्या उरतात. थर धरून ठेवणं हे त्याचं काम, आणि ते काम करता करता रेघांची जी नक्षी उमटते ती वाकळीची शोभा. काम आणि शोभा एकाच दोऱ्यात आहेत, वेगळ्या करता येत नाहीत.

याच मातीतले गाडगेबाबा घ्या. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट घराण्यात त्यांचा जन्म. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. त्या वस्त्रावर कोणी फूल काढलेलं नव्हतं. पण तुकड्याला तुकडा जोडणारा टाका सगळ्या महाराष्ट्राने पाहिला आणि ओळखला. स्वस्त कापडावरचा टाका केवढं बोलू शकतो याचं याहून ठळक उदाहरण आम्हाला सांगता येत नाही.

दुसरी परंपरा बंजारा समाजाची. वाशीम जिल्हा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे पोहरादेवी आणि तिथली तांड्यांची वस्ती वऱ्हाडाला परकी नाही. फेटिया, कांचळी, आणि पैसे-सुपारी ठेवायची कोथळी. आरसे, कवड्या, जाड सुती दोरा. जुनी कोथळी कुठे पाहायला मिळाली तर तिची कड बघा. जिथे हात घासतो, जिथे तोंड उघड-बंद होतं, तिथेच टाके सगळ्यात दाट असतात. म्हणजे इथेही तेच. वस्तू जिथे झिजणार तिथे दोरा आधी पोचलेला असतो.

तिसरी परंपरा मात्र वेगळ्या वळणाची आहे. ती रुखवताची. मुलीचं लग्न ठरलं की तिने भरलेले रुमाल, खोळी, पलंगपोस, काचेच्या चौकटीतलं "सुस्वागतम्", सगळं मांडवात मांडलं जायचं. म्हणजे आपल्याकडचं भरतकामाचं पहिलं प्रदर्शन मांडवातच भरलं. पण तिथे परीक्षा वस्तूची नव्हती, मुलीची होती. ती शांत बसू शकते का, बारीक काम करते का, हे त्यातून सासरच्यांना दाखवायचं असायचं. रोझिका पार्कर या अभ्यासक बाईंनी १९८४ साली इंग्लंडमधल्या भरतकामाचा इतिहास लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हे काम बाईला बाईपणाच्या चौकटीत बसवायलाही वापरलं गेलं आणि त्याच कामात बायकांनी स्वतःचा आनंद आणि स्वतःचं म्हणणंही शोधलं. आपल्या रुखवताला हे तंतोतंत लागू पडतं. मुलगी रुमालाच्या कोपऱ्यात वेल काढायची ती सासरच्यांसाठीही आणि स्वतःसाठीही.

रुखवताला लागून वर्ग आले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे यांचं मोठं काम. एकट्या पडलेल्या बाईला चार पैसे मिळावेत म्हणून शिवण-भरतकाम, हा विचार तेव्हापासून महाराष्ट्रभर रुजला. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ, २०११ पासूनचं "उमेद" अभियान, यांच्या बचत गटांपर्यंत तो धागा येतो. हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण एक गोष्ट या प्रवासात बदलली. वाकळीतला आणि कोथळीतला टाका वस्तूसाठी होता. रुखवतातला टाका दाखवण्यासाठी होता. आजच्या थैलीवरचं फूल बहुतेक वेळा रुखवताच्या घराण्यातलं आहे, वाकळीच्या नाही. आमच्या टीकेचं मूळ इथे आहे.

वस्तू हातात घेऊ

आता प्रत्यक्ष वस्तू. एक नमुनेदार थैली डोळ्यांसमोर आणा. कोणा एकीची नाही, सगळीकडे दिसते ती. पांढरट मांजरपाट. बरोबर मध्यभागी वीतभर फुलांचा गुच्छ. पाकळ्या भरीव टाक्याने, पानं साखळी टाक्याने, मधले ठिपके गाठीच्या टाक्याचे. दोरा चकचकीत. लांबून छान दिसते.

पहिली परीक्षा परटाची, म्हणजे धुण्याची. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. पहिल्या धुण्यात खळ निघते आणि कापड आटतं. दोरा त्या प्रमाणात आटत नाही. मग फुलाच्या भोवती चुण्या पडतात आणि गुच्छ फुगून वर येतो. उपाय कोणत्याही आजीला माहीत आहे. कापड आधी रात्रभर पाण्यात टाका, वाळवा, इस्त्री करा, मग छापा उठवा. पण शंभर थैल्यांची मागणी चार दिवसांत पुरी करायची असेल तर ही पायरी गळते.

दुसरी परीक्षा दोऱ्याची. चकचकीत रेयॉनचा दोरा स्वस्त पडतो आणि प्रकाशात उठून दिसतो. पण तो निसरडा असतो, गाठ धरत नाही, किल्लीला नाहीतर भाजीच्या देठाला अडकला की तंतू निघतात. रंग कच्चा असला तर लाल फूल पहिल्याच पाण्यात गुलाबी डाग सोडतं. पक्क्या रंगाची सुती सहा पदरी लडी थोडी महाग पडते, दिसायला मंद असते, पण वर्षानुवर्षं टिकते. पन्नास रुपयांच्या थैलीवर दोऱ्यात चार रुपये वाचवणं आणि त्यापायी तीन तासांचं काम पाण्यात घालवणं, हा कोणता हिशेब?

तिसरी परीक्षा जागेची, आणि आमच्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. फूल मध्यभागी का आहे? कारण स्टॉलवर थैली टांगली की नजर मध्यभागी जाते. पण थैली काही टांगून ठेवायची वस्तू नाही. तिच्यात दोन किलो कांदे जायचे असतात. कांदे भरले की मध्यभाग फुगतो आणि भरीव टाक्याचे लांब दोरे नेमके तिथेच ताणले जातात. उलट थैली फाटते कुठून? बंद जिथे जोडलेला असतो तिथून आणि खालच्या दोन कोपऱ्यांतून. तिथे मशीनची एकेरी टीप असते आणि हाताचा एकही टाका नसतो. म्हणजे तीन तासांचं भरतकाम अशा जागी खर्च झालं की जिथे त्याची गरज नव्हती, आणि जिथे होती तिथे थैली सहा महिन्यांत उसवली. फूल शाबूत, थैली गेली. मग फुलासकट ती पायपुसणं होते.

चौथी परीक्षा नक्षीची. बटर पेपरला टोचून केलेले खाके बाजारात तयार मिळतात आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून फडक्याने छापा उठवतात. पद्धत चांगली आहे. पण खाके सगळीकडे तेच. गुलाब, ट्यूलिप, फुलपाखरू, हल्ली मोबाइलवर पाहिलेला लॅव्हेंडरचा तुरा. वऱ्हाडात आठ महिने नजरेसमोर पऱ्हाटी असते. तिचं फूल सकाळी फिकट पिवळं उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एका झाडावर एकाच वेळी दोन रंग. पुढे बोंड फुटतं, पाकळ्यांसारखे कप्पे उघडतात. भरतकाम करणाऱ्या हाताला याहून तयार नक्षी कोणती हवी? आम्ही स्थानिकतेचा झेंडा लावत नाही, गुलाबाला बंदी नाही. पण जी बाई दिवाळीच्या सुमारास स्वतः कापूस वेचते, तिच्या थैलीवर तिने कधी न पाहिलेला तुरा, हे बघताना काहीतरी खटकतं एवढं खरं.

बंजारा कामाचं तर याहून वाईट झालं आहे. जुन्या फेटियाचे तुकडे कापून थैलीवर लावले जातात, आणि "बंजारा लेस" नावाची यंत्रावर केलेली पट्टी मीटरवर मिळते. एकीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, ही चांगली गोष्ट. शेजारच्या कर्नाटकात सांडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, आणि २०२३ साली हम्पीला जी-२०च्या बैठकीवेळी साडेचारशेहून अधिक स्त्रियांच्या १७५५ वस्तूंचं प्रदर्शन विक्रमात नोंदलं गेलं. नोंद झाली ती वस्तूंच्या संख्येची. त्या वस्तूंत किती तास गेले, हा आकडा विक्रमाच्या कागदावर मागितलाच जात नाही. आणि आपला आजचा खरा विषय तो आहे. तास.

फावला वेळ नावाची पळवाट

प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक भाषणात एक वाक्य असतं. "महिलांनी फावल्या वेळात हे काम करून कुटुंबाला हातभार लावावा." आम्हाला या "फावल्या वेळा"वर हरकत आहे. सकाळी पाणी, स्वयंपाक, डबे, मग निंदणाला नाहीतर वेचणीला, संध्याकाळी पुन्हा चूल. यातला फावला वेळ कोणता? रात्री नऊ ते अकरा. तो तिच्या झोपेचा वेळ आहे. पण एकदा त्याला "फावला" म्हटलं की तो फुकट ठरतो, आणि फुकट वस्तूचा भाव कोणी विचारत नाही. वेचणीचा दर किलोवर ठरतो, दरवर्षी त्यावरून भांडण होतं, बाया एकत्र येऊन दर वाढवून घेतात. त्याच बाया रात्री भरतकाम करतात तेव्हा टाक्याचा दर मात्र ठरलेला नसतो.

आता हिशेब मांडू. मोजपट्टी म्हणून रोजगार हमीचा दर घेऊ. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी तो दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागला तर तासाला ३९ रुपये. हा काही चैनीचा दर नाही. अकुशल कामाचा, किमान दर आहे. भरतकाम तर कुशल काम. तरी आपण हाच धरू.

समजा थैलीचं कापड आणि शिलाई मिळून ५० रुपये, दोरा ६ रुपये, भरतकाम तीन तास. थैली विकली १५० रुपयांना. विकणाऱ्याचा, स्टॉलचा, ने-आणीचा वाटा तीस टक्के धरला तर ४५ गेले. उरले १०५. त्यातून ५६ वजा. बाईच्या हाती ४९ रुपये. तीन तासांचे. म्हणजे तासाला साधारण १६. रोजगार हमीवर माती उचलण्याच्या निम्म्याहून कमी. आणि गिऱ्हाईक अजूनही म्हणतंय, दीडशे जास्त आहेत, शंभरला द्या.

हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गटाचे आकडे घालून पाहा, पाच-दहा रुपयांचा फरक पडेल. गणिताचा आकार बदलणार नाही.

आता "मूल्यवर्धन" या शब्दाकडे परत येऊ. वऱ्हाडला हा शब्द नवा नाही. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पाठोपाठ रेल्वे आली, आणि आपला कापूस गाठी बांधून मुंबईमार्गे लँकेशायरला जाऊ लागला. कापड होऊन तो परत यायचा तो चढ्या भावाने. कच्चा माल आमचा आणि वाढलेलं मूल्य दुसऱ्याचं, ही वऱ्हाडची दीडशे वर्षांची तक्रार. त्या तक्रारीतूनच १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, पुढे शेतकरी संघटनेची आंदोलनं झाली, "भाव" हा शब्द आपल्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायकांच्या कष्टांचा प्रश्न मोठ्याने विचारला गेला. आणि आता काय होतंय? मूल्य वाढवणारी बाई आपल्याच घरातली आहे, पण वाढलेलं मूल्य पुन्हा तिच्याकडे येत नाही. तिचे तास हाच आता नवा कच्चा माल झाला आहे. ज्या घरात कापसाच्या हमीभावासाठी मोर्चे निघाले, त्या घरात टाक्याच्या हमीभावाचा प्रश्न कोणी काढत नाही.

हा प्रश्न पूर्वी कोणी काढलाच नव्हता असं नाही. तो इथून जवळच, वर्ध्याला निघाला होता. १९३५ साली अखिल भारत चरखा संघासमोर गांधीजींनी विषय ठेवला. कातणाऱ्या बाईला बाजारात खादीला काय भाव येतो त्यावरून मजुरी द्यायची, की तिला आठ तास काम करून पोट भरता आलं पाहिजे तिथून सुरुवात करायची? कातणं हाही "फावल्या वेळा"चाच धंदा मानला जात होता, हे ध्यानात घ्या. गांधीजींची मागणी तासाला एक आणा अशी होती. संघाला त्याच्या बरंच खालून सुरुवात करावी लागली, खादी महाग झाली, खप घटेल अशी भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. पण तत्त्व मान्य झालं की हिशेब तासापासून सुरू होईल. खादीचं पुढे काय झालं त्यावर वाद घालता येईल. हे तत्त्व मात्र आजच्या थैलीलाही जसंच्या तसं लावता येतं.

मग करायचं काय

तास आधी धरला की वस्तू कशी बदलते पाहा. त्याच थैलीवर तीन तासांऐवजी चाळीस मिनिटं काम करायचं ठरवलं. मध्यभागी काही नाही. दोन्ही बंद जिथे जोडलेत त्या चार जागी दुहेरी दोऱ्याने फुलीचे टाके, गच्च. खालच्या दोन कोपऱ्यांना काजटाका. तोंडाच्या पट्टीवर एका रंगाचा सरळ धावदोरा, वाकळीसारखा. बस. कापड-शिलाई ५०, दोरा ४, चाळीस मिनिटांचे २६, एकूण ८०. विक्रीचा तीस टक्के वाटा धरून किंमत येते ११५ रुपये. गिऱ्हाइकाला थैली आधीपेक्षा पस्तीस रुपयांनी स्वस्त, बाईला तासाचे पूर्ण ३९, आणि थैली फाटायच्या जागीच बांधलेली. आणि दिसते कशी? आमच्या मते जास्त चांगली. कारण तिच्यावरचा प्रत्येक टाका कशासाठी आहे ते कळतं.

ज्या बाईचा हात खरोखर बारीक आहे, जिला मोठा गुच्छच भरायचा आहे, तिने तो जरूर भरावा. पण पन्नास रुपयांच्या थैलीवर नको. बारा तासांचं काम म्हणजे ४६८ रुपये नुसती किमान मजुरी. ते काम चांगल्या, आधी आटवलेल्या हातमागाच्या कापडावर, वीस वर्षं टिकेल अशा वस्तूवर व्हावं, आणि त्याची किंमत हजाराच्या घरात न लाजता सांगावी. स्वस्त वस्तूवर थोडं आणि नेमकं काम, भारी वस्तूवर भरपूर काम. दोन्ही प्रामाणिक आहेत. स्वस्त वस्तूवर भरपूर काम स्वस्तात, हा जो मधला मार्ग सगळीकडे चालू आहे, तो बाईच्या जिवावर चालतो.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची. वस्तूला किमतीची चिठ्ठी असते. त्यावर एक ओळ वाढवा: "हाताचं काम – ४० मिनिटं." बस्स, एवढंच. "महिलांना सक्षम करा" वगैरे लिहायची गरज नाही. मिनिटं वाचल्यावर घासाघीस करायला जीभ जरा अडखळते.

आणि घरच्यासाठी केलेलं काम? नातवाच्या दुपट्यावर आजीने काढलेला ससा? त्याला आमचा कुठलाच हिशेब लागू नाही. तिथे ससा वाकडा असला तरी चालतो, रेयॉनचा असला तरी चालतो. जे विकायचं नाही त्याला भाव विचारू नये. गडबड होते ती घरच्या मायेची भाषा बाजारात आणून तिच्या आडून मजुरी कापली जाते तेव्हा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: तुम्ही म्हणता तासाला सोळा रुपये. पण आमच्या गटातल्या बाया म्हणतात, काहीच न भेटण्यापेक्षा सोळा बरे. घरी बसल्या बसल्या मिळतात, उन्हात जावं लागत नाही. त्याईचं काय चुकलं?

उत्तर: त्यांचं काहीच चुकलं नाही. गरज आहे तिने घ्यावं, आम्ही कोण नाही म्हणणारे. ज्या बाईचा नवरा कर्जापायी गेला, घरात लहान पोरं आहेत, तिला उन्हात न जाता मिळणारे पन्नास रुपये फार मोठे असू शकतात. आमची टीका घेणारीवर नाही. दर ठरवणारे, नक्षी ठरवणारे, प्रशिक्षण देणारे आणि विकत घेणारे, म्हणजे आपणही, यांच्यावर आहे. तीन तासांची नक्षी देणाऱ्याला चाळीस मिनिटांची नक्षी देता येते, त्याचं काही बिघडत नाही. आणि अजून एक. एकीने सोळाला केलं की शेजारच्या गावातलीला पंधराला मागतात. वेचणीत हे बायांना पक्कं माहीत आहे, म्हणून तिथे त्या एकत्र दर ठरवतात. भरतकाम एकेकटीनं, घरात, रात्री होतं, म्हणून दर पडतो. गटाने महिन्यातून एकदा बसून टाक्याचा नाही तरी तासाचा दर वहीत लिहावा. बचत गट वही ठेवतोच. त्यात एक रकाना वाढवायचा.

प्रश्न: कॉम्प्युटरच्या भरतकामाची थैली ऐंशीला येते, टाके एकसारखे. आता नांदगाव पेठला एवढं मोठं टेक्स्टाइल पार्क होऊ घातलंय. हाताचं कोण घेणार?

उत्तर: प्रश्न बरोबर आहे. पीएम मित्र पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, कापड इथेच मोठ्या प्रमाणावर तयार व्हावं हा हेतू आहे, आणि कापसाच्या दृष्टीने ते व्हायलाच हवं होतं. यंत्र सपाट, कोऱ्या कापडावर एकच फूल हजारदा काढतं आणि ते आपल्यापेक्षा एकसारखं काढतं. त्या शर्यतीत हाताने उतरूच नये. पण शिवून झालेल्या, वापरून झिजलेल्या, कोपरा फाटलेल्या वस्तूत यंत्राला शिरता येत नाही. तिथे हातच लागतो. पूर्वी बाजारात रफूगार बसायचे. ते भोक बघून दर सांगत. "फावल्या वेळात करून द्या" असं त्यांना कोणी म्हटलेलं आम्ही ऐकलं नाही. आपल्या गटांनी नव्या थैल्यांबरोबर जुन्या वस्तू दुरुस्त करून द्यायचं काम घेतलं तर? शाळेच्या दप्तराचा बंद, शर्टाचं कोपर, फाटकी खोळ. दुरुस्ती करताना तिथेच एक बोंड काढा, एक वेल काढा. माणूस आपली वस्तू आपणहून घेऊन येतो, दुरुस्तीचे पैसे द्यायची त्याची तयारी असते, आणि वस्तू अजून पाच वर्षं चालते. टाका पुन्हा जिथे फाटलंय तिथे जातो. वाकळ करणाऱ्यांना हे माहीत होतं. त्यांच्याकडे फक्त दराची वही नव्हती. ती आपण घालू शकतो.